पायथन संगणकात आहे, मग संगणकाला सापडत का नाही?

प्रश्न : मी बार्शीला छोटासा संगणक वर्ग चालवते. परवा एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर पायथन इन्स्टॉल केलं. सेटअप यशस्वी झाल्याचा संदेशही आला. पण काळ्या खिडकीत ‘पायथन’ टाइप केलं की उत्तर येतं, ही कमांड ओळखीची नाही. तीनदा काढून तीनदा टाकलं. शेवटी मुलगा म्हणाला, “मॅडम, पायथन आत आहे ना, मग त्याला दिसत कसं नाही?” मला उत्तर देता आलं नाही. व्हिडिओंमध्ये सगळे ‘पाथ सेट करा’ म्हणतात. हा पाथ म्हणजे नेमकं काय आणि तो सांगितल्याशिवाय संगणकाला का कळत नाही? (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : ताई, तुमच्या विद्यार्थ्याने अगदी मुळाला हात घातला आहे. व्हिडिओ पाहून पाथ सेट करणारे पुष्कळ असतात. ‘दिसत कसं नाही?’ असं विचारणारा विरळा.

पायथन बिघडलेलं नाही. तुम्ही तीनदा टाकलंत तेव्हा तिन्ही वेळा ते नीटच बसलं असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी संगणकाची गत झाली आहे, आणि ती का झाली हे एकदा कळलं की असल्या निम्म्या तक्रारी तुम्ही वर्गात उभ्या उभ्या सोडवाल.

काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, एखादा शब्द लिहून एंटर दाबलं की तो आधी पाहतो, ही माझी स्वतःची कमांड आहे का. फोल्डर बदलायची ‘सीडी’, यादी दाखवणारी ‘डीआयआर’ या त्याच्या पोटातच आहेत. एररमध्ये ‘इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’ असं जे लिहून येतं त्यातलं ‘इंटर्नल’ म्हणजे या. शब्द त्यांत नसेल तर त्या नावाचा प्रोग्राम डिस्कवर शोधायला तो निघतो; हे झालं ‘एक्स्टर्नल’. मात्र सगळी डिस्क तो चाळत नाही. डिस्कवर लाखो फाइल असतात, दर कमांडला त्या पालथ्या घालायच्या तर काम कधी व्हायचं? शिवाय कुठल्या तरी कोपऱ्यात पडलेली त्याच नावाची भलतीच फाइल चालू झाली तर अनर्थ. म्हणून तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात ते तो आधी पाहतो आणि मग एका यादीतले फोल्डर, लिहिलेल्या क्रमाने, एकामागून एक. ही यादी म्हणजे पाथ. यादी संपली की शोध संपला.

लग्नघरी आलेल्या आचाऱ्याला आपण सांगतो, मसाले या फळीवर आहेत, इथे नसले तर त्या कपाटात पाहा. नवी बरणी कुणी माळ्यावर ठेवली आणि त्याला सांगितलंच नाही, तर तो ‘नाही’ म्हणणारच. बरणी घरात आहे हे खरं आणि त्याचं ‘नाही’ म्हणणंही खरं. तुमच्या लॅपटॉपवर पायथन असंच माळ्यावर आहे. ते बहुधा वापरकर्त्याच्या फोल्डरात, ‘ॲपडेटा’ नावाच्या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरच्या आत, चार पायऱ्या खाली बसतं.

पाथसारख्या नाव-आणि-मजकूर अशा जोड्या संगणक प्रत्येक प्रोग्रामच्या हाती देतो. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. आज दिसतात त्या रूपात त्या १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आल्या; १९८३ मध्ये डॉसच्या २.० आवृत्तीने त्या पीसीवर आणल्या. इतकी वर्षं झाली तरी त्यांचा साचा तोच आहे. एक बारीक फरक तेव्हापासून चालत आला आहे. युनिक्समध्ये पाथमधले फोल्डर अपूर्णविरामाने वेगळे करतात. डॉसमध्ये अपूर्णविराम ‘सी’ ड्राइव्हच्या नावामागे आधीच लागलेला होता, म्हणून तिथे अर्धविराम आला. लिनक्सच्या पुस्तकातली ओळ विंडोजवर तशीच उतरवली की पाथ मोडतो तो इथे.

आता तुमच्या लॅपटॉपकडे वळू. काहीही पुन्हा इन्स्टॉल करायच्या आधी संगणकालाच विचारा. ‘इको’ लिहा, एक जागा सोडा आणि टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘पाथ’ लिहा. जी लांबलचक ओळ उमटेल ती आचाऱ्याच्या हातातली यादी. पायथनचं फोल्डर तिच्यात आहे का, डोळ्यांनी पाहा. मग ‘व्हेअर पायथन’ ही कमांड द्या. यादीत ज्या ज्या ठिकाणी पायथन सापडतं ती सगळी ठिकाणं ती क्रमाने सांगते, आणि जे पहिलं दिसेल तेच चालतं. हे सगळं मिनिटभराचं काम. यानंतर जे कराल ते नेमकं असेल. त्याआधी जे कराल ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फोल्डर यादीत नाही असं दिसलं तर सोपा उपाय म्हणजे पायथन एकदा काढून, सेटअप पुन्हा चालवताना पहिल्याच पानावर तळाशी असलेला ‘पाथमध्ये जोडा’ अशा अर्थाचा चौकोन टिक करणे. तो मुळात रिकामा असतो. घाईत ‘इन्स्टॉल’ दाबणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो, आणि तुमच्याकडूनही तिन्ही वेळा तो तसाच राहून गेला असणार. दुसरा मार्ग म्हणजे ‘पीवाय’ ही दोन अक्षरी कमांड. पायथनच्या सेटअपबरोबर येणारा हा छोटा प्रोग्राम बहुधा पाथमधल्या जागीच बसतो आणि तिथून खरं पायथन शोधून काढतो. ‘पीवाय’ने पायथन सुरू झालं तर ते जागेवर आहे याचा पुरावाच मिळाला, विद्यार्थ्यालाही आणि तुम्हालाही.

काही लॅपटॉपवर वेगळंच घडतं. ‘पायथन’ लिहिलं की मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं किंवा पायथन सापडलं नाही, स्टोअरमधून घ्या, असं सुचवलं जातं. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून पायथन या नावाची एक पोकळ फाइल विंडोजबरोबरच येते. तिचा आकार शून्य बाइट, काम फक्त स्टोअरकडे बोट दाखवण्याचं. ‘व्हेअर’च्या उत्तरात ‘विंडोजॲप्स’ असलेलं ठिकाण पहिलं दिसलं तर ती हीच. सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्यूशन अलायसेस’ शोधा आणि पायथनपुढची दोन बटणं बंद करा.

आता सगळ्यात जास्त माणसं जिथे अडखळतात त्या गोष्टीवर जरा थांबतो. पाथ नीट दुरुस्त केला, ओके, ओके, ओके दाबलं, पुन्हा काळ्या खिडकीत आलो आणि एरर तीच. माणूस इथे हताश होतो आणि पुन्हा काढ-घाल सुरू करतो. दुरुस्ती बरोबर झालेली असते, फक्त ती खिडकी जुनी असते. सकाळी आई मुलाचं दप्तर भरून देते. मूल शाळेत पोचल्यावर घरातल्या टेबलावर नवी कंपासपेटी ठेवली म्हणून ती दप्तरात जात नाही. प्रोग्राम सुरू होताना त्याला त्या क्षणाच्या सगळ्या व्हेरिएबलांची एक प्रत मिळते, आणि मग तो बंद होईपर्यंत तीच प्रत बाळगतो. म्हणून काळी खिडकी बंद करून नवी उघडा. व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल वापरत असाल तर नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही. त्याला दप्तर भरून देणारा व्हीएस कोड स्वतःच जुना आहे. तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

प्रतीचा हाच नियम संकटात हात देतो. व्हिडिओत पाहून ‘सेटएक्स’ या कमांडने पाथ बदलू नका आणि वर्गात मुलांनाही करू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. ती कमांड १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते. वर एक सूचना येते, पण ती येईपर्यंत काम झालेलं असतं. पाथ लांब असला तर शेवटचे फोल्डर गायब. असं घडलंच तर घाबरून सगळ्या खिडक्या बंद करू नका. आधीपासून उघडी असलेली एखादी काळी खिडकी शोधा. तिच्या दप्तरात जुना, अख्खा पाथ अजून शाबूत आहे. इको करून तो कॉपी करा आणि एका फाइलमध्ये जपून ठेवा. पाथ बदलायचाच तर विंडोजच्या शोधपट्टीत ‘एन्व्हायर्नमेंट’ लिहून येणाऱ्या पानावरून बदला. पूर्वी तिथे एका अरुंद चौकटीत अख्खी ओळ कोंबलेली असायची. विंडोज १० मध्ये २०१५ च्या नोव्हेंबरच्या अपडेटपासून एकाखाली एक अशी यादी दिसते, त्यामुळे चूक होण्याचा संभव खूप कमी झाला आहे.

त्या पानावर दोन पाथ दिसतील, वर तुमच्या खात्याचा आणि खाली पूर्ण सिस्टिमचा. मांडणीत तुमचा वर असला तरी शोधताना सिस्टिमचा आधी पाहिला जातो. डिप्लोमाच्या मुलांना जावाच्या प्रॅक्टिकलला हे हमखास नडतं. संगणकावर जुनं जावा सिस्टिमच्या पाथमध्ये बसलेलं असतं, मुलं नवं जावा आपल्या खात्याच्या पाथमध्ये जोडतात आणि चालतं जुनंच. कधी प्रोग्राम कंपाइल करणारा ‘जावासी’ नवा मिळतो आणि तो चालवणारा ‘जावा’ जुना. मग एक भलीमोठी एरर येते, तिच्या पोटात ६१ आणि ५२ असे आकडे असतात. ६१ म्हणजे जावा १७ ने बनवलेली फाइल, ५२ म्हणजे जावा ८. जावा ८ म्हणतंय, ही फाइल मला वाचता येत नाही. मुलांच्या कोडमध्ये काहीही चूक नसते. ‘व्हेअर जावा’ आणि ‘व्हेअर जावासी’ या दोन कमांडांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की चोर सापडतो. ‘जावा होम’ हा व्हेरिएबल ठेवायचा असेल तर त्यात जेडीकेचं मुख्य फोल्डर लिहा, त्याच्या आतलं ‘बिन’ नाही. आणि शेवटी अर्धविराम नको.

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीत सर्व्हरवर रोज रात्री १२ ला विक्रीचा रिपोर्ट तयार होण्याची सोय केली आहे. तो पहाटे साडेपाचला येतो. त्यात दुकानदारांच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतात. कधी कधी ‘कमांड सापडली नाही’ म्हणून तो येतच नाही. पण मी स्वतः लॉगिन करून तीच स्क्रिप्ट चालवली की सगळं छान चालतं. सर्व्हर बदलावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सर्व्हर बदलू नका. तीन तक्रारी दिसतात, पण त्यांतल्या दोहोंचं मूळ एकच आहे. तुम्ही स्क्रिप्ट चालवता तेव्हा तिला तुमचं भरलेलं दप्तर मिळतं. रात्री ‘क्रॉन’ चालवतो तेव्हा जवळपास रिकामं.

लिनक्सवर तुम्ही लॉगिन केलं की तुमच्या खात्यातल्या दोन-तीन सेटिंग फाइल वाचल्या जातात आणि पाथ, भाषा वगैरे भरलं जातं. क्रॉन त्या फाइल वाचत नाही. त्याच्या पाथमध्ये साधारणपणे दोनच फोल्डर असतात. तुम्ही वेगळीकडे टाकलेली साधनं त्यांत नाहीत, म्हणून ‘कमांड सापडली नाही’. अंदाज करत बसू नका. ‘ईएनव्ही’ या कमांडचं उत्तर एका फाइलमध्ये लिहिणारी एक ओळ क्रॉनमध्येच घाला, एक मिनिटाने फाइल उघडा आणि तुमच्या टर्मिनलमधल्या ‘ईएनव्ही’च्या उत्तराशी ताडून पाहा. रात्रीच्या स्क्रिप्टला काय दिसतं ते समोर येईल. मग स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पूर्ण पाथ लिहून टाका.

प्रश्नचिन्हांचं कारण भाषेचा व्हेरिएबल. ‘लँग’ रिकामा असला की कित्येक प्रोग्राम समजतात, इथे फक्त इंग्रजी अक्षरं चालतात. देवनागरी आली की कुणी तिच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं, कुणी एरर देऊन थांबतं. पायथनने ३.७ पासून आणि जावाने १८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, यूटीएफ-८ गृहीत धरण्याकडे पावलं टाकली. त्यामुळे नव्या आवृत्त्यांत हा त्रास बराच कमी झाला आहे. तुमची आवृत्ती जुनी असेल तर ‘लँग’मध्ये यूटीएफ-८ असलेलं नाव स्पष्ट लिहा. ‘एलसी ऑल’ नावाचा व्हेरिएबल कुठे भरलेला नाही ना, तेही पाहा, कारण तो असला तर ‘लँग’चं काही चालत नाही. आपल्या ग्राहकाचं नाव आपल्याच लिपीत नीट छापलं जाणं ही हौस नव्हे. नाव ओळखता येत नसेल तर त्या रिपोर्टचा उपयोग काय?

राहिली वेळ. साडेपाच तास हा आकडा दिसला की भारतातल्या माणसाने लगेच ओळखावं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, आणि यूटीसीचे रात्रीचे १२ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. इथे एक सापळा आहे आणि त्यात अनुभवी माणसंही अडकतात. वेळेचा व्हेरिएबल ‘टीझेड’. आपली वेळ आयएसटी, म्हणून त्यात सरळ ‘आयएसटी’ लिहिलं जातं. लिनक्सला या नावाचा विभाग माहीत नसतो, पण तो तक्रार करत नाही. वेळ यूटीसीचीच दाखवतो आणि पुढे लेबल मात्र ‘आयएसटी’ लावतो. आकडा चुकीचा, नाव बरोबर. अशी चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पाहणाऱ्याचं समाधान नावावरच होतं. बरोबर मजकूर ‘एशिया’, तिरकी रेघ, ‘कोलकाता’. काही जुन्या सूचनांमध्ये आयएसटीपुढे वजा पाच-तीस लिहिलेलं दिसेल. तेही बरोबर आहे. त्या पद्धतीत ग्रीनिचच्या पूर्वेकडच्या देशांना वजा चिन्ह लागतं. आपण पुढे आहोत म्हणून तिथे अधिक केलंत तर घड्याळ अकरा तास चुकेल.

आणखी एक. ‘टीझेड’ बदलल्याने रिपोर्टवर छापलेली वेळ सुधारते, पण क्रॉनचं वेळापत्रक सुधारेलच असं नाही. काही क्रॉन ते सर्व्हरच्या मूळ घड्याळावरच चालवतात. त्यामुळे एकतर सर्व्हरचाच विभाग बदला किंवा वेळापत्रकात संध्याकाळचे साडेसहा लिहा. यूटीसीचे साडेसहा म्हणजे आपले रात्रीचे १२.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. जँगोमध्ये प्रोजेक्ट केला आहे. ‘ईएनव्ही’ फाइलमध्ये ‘डीबग’पुढे ‘फॉल्स’ लिहिलंय, तरी एरर आली की आतल्या कोडसकट सगळं पान लोकांना दिसतं. असं का? आणि ही फाइल गिटहबवर टाकली तर चालते का? ग्रुपमधल्या मित्रांना सोयीचं पडेल. (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला खरं-खोटं कळत नाही, आकडेही कळत नाहीत. त्याच्यासाठी सगळा मजकूरच. ‘फॉल्स’ हा तिथे पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द आहे. पायथनमध्ये रिकामा नसलेला कोणताही शब्द ‘खरा’ धरला जातो, म्हणून तो तसाच्या तसा ‘बूल’मध्ये घातलात तर उत्तर ‘ट्रू’ येतं. कोडमध्ये तुलना करून घ्या: मजकूर ‘ट्रू’ असेल तरच डीबग सुरू, बाकी काहीही असलं तरी बंद. म्हणजे टायपिंगची चूक झाली तरी दार बंदच राहील. बरोबरीच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका, आणि अवतरणचिन्हं टाकताना जपा. डॉकरला फाइल थेट दिली तर अवतरणचिन्हंही मजकुराचाच भाग होतात आणि बरोबर पासवर्डसुद्धा चुकीचा ठरतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे : नाही. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवायची पद्धत रूढ झाली, हेरोकूच्या मंडळींनी २०११ मध्ये मांडलेल्या बारा सूत्रांतही ती आली, ती याचसाठी की कोड दुसऱ्याच्या हाती गेलं तरी किल्ली जाऊ नये. फाइल कोडबरोबरच टाकली तर कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगल्यासारखं झालं. मित्रांसाठी किमती रिकाम्या ठेवलेली नमुना फाइल टाका, खरी फाइल ‘गिटइग्नोर’मध्ये लिहा.

तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं, फाइल कदाचित एकदा टाकून झाली आहे. तसं असेल तर ती नुसती डिलीट करून थांबू नका. गिट जुना इतिहास जपून ठेवतं, आणि सार्वजनिक कोडमधून अशा किल्ल्या वेचणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. त्या फाइलमधला डेटाबेसचा पासवर्ड, जँगोची सीक्रेट की आणि ईमेलची किल्ली, तिन्ही आजच बदला.